पेरीव वाटाणा

बागेत सगळे आत्याला सातिवाबाई म्हणत. हे तिचं नाव नव्हतं आणि आडनावही नव्हतं. एका चुकीमुळे ते तिला चिकटलं. पुढे चूक लोक विसरले, नाव तेवढं राहिलं.

ती वनस्पती उद्यानाच्या बीजघरात कामाला होती. उद्यान म्हटलं की लोकांना कारंजी आणि बाकं आठवतात. बीजघर त्या सगळ्याच्या पाठीमागे होतं, काचघराच्याही पलीकडे, जिथे हातगाड्या आणि पाण्याच्या नळ्यांची वेटोळी टाकून ठेवत. बैठी खोली, जाड दार, आत कायमचा हिवाळा. बाहेर डांबर वितळत असलं तरी आत जाताना आत्या लोकरी कोट चढवायची. हवा थंड, आणि थंडीपेक्षा कोरडी जास्त. तिचे ओठ बारा महिने फुटलेले असत. कपाटांच्या तळाशी निळे खडे पसरलेले असत. ओल प्यायले की ते गुलाबी होत. गुलाबी झाले की आत्या ते भट्टीत भाजून पुन्हा निळे करी. ओल हा तिथला चोर. ओल लागली की बी जागं होतं, आणि फळीवर जागं झालेलं बी वाया गेलेलं बी. म्हणजे सगळं काम झोपवण्याचं. "मी अंगाई म्हणणारी बाई आहे," ती म्हणायची, "फक्त गळा नाही."

चूक पहिल्याच आठवड्यातली. पाकिटं नावाप्रमाणे लावा, एवढंच तिला सांगितलेलं. प्रत्येक पाकिटावर लॅटिनमधले दोन शब्द. तिने आपल्या समजुतीने शेवटचा शब्द धरला. माणसांची यादी करताना आडनाव धरतात तसा. त्यामुळे मुळा, काकडी, भात, ओट, सॅलडची पानं, वाटाणे आणि धने, असे एकमेकांचं तोंडही न पाहिलेले लोक एका फळीवर आले. सगळ्यांच्या शेवटी सातिवुस, सातिवा किंवा सातिवुम. हे मोठं घराणं दिसतंय, असं तिला वाटलं. शेपट्या वेगळ्या, पण खोड एकच.

प्रमुख मॅडम तेव्हा नवीनच होत्या, वयाने आत्यापेक्षा लहान. त्यांनी फळी पाहिली, कपाळाला हात लावला आणि हसत सुटल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "राहू दे. नाहीतरी ही सगळी एकाच कारणाने इथे आलेली आहेत."

कारण काय, ते पाटीवाल्याने सांगितलं. पाटीवाला म्हणजे झाडांच्या पत्र्याच्या पाट्या कोरणारा माणूस. लहानपणी दोन वर्षं तो एका ख्रिस्ती मठाच्या शाळेत होता. तिथून तो पळाला, आणि त्याच्याबरोबर लॅटिनही पळून आलं. जेवणाच्या सुट्टीत तो हातातल्या सुईने पत्र्याच्या तुकड्यावर ओरखडे काढत बोलायचा.

"ते आडनाव नाही हो बाई, विशेषण आहे. सेरेरे म्हणजे पेरणं. त्याचं झालं सातुस, पेरलेला. त्याला ईवुस जोडलं की सातिवुस. पेरून येणारा. आपोआप उगवणारा नव्हे."

"म्हणजे आपल्याकडे पाळीव, कोरीव, घडीव म्हणतात तसं."

पाटीवाला थांबला. "तसंच. पेरीव. नातं आहे की नुसता योगायोग, ते मला विचारू नका, पण कानाला तरी सख्खं लागतं. आणि हे कुटुंब मोठं आहे. बी म्हणजे सेमेन, तेही ह्याच मुळातलं. आपण सीझन म्हणतो ना, तो शब्दसुद्धा पेरणीतूनच फिरत फिरत आलाय. पेरणीची वेळ, मग कुठलीही वेळ."

"आणि जे पेरत नाहीत ते?"

"ते सिल्वेस्ट्रिस. रानातले. रानातल्याचं दोन रूपांत भागतं, पुरुष-बाई एकाच कपड्यात. पेरलेल्याला मात्र तीन लागतात, पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. माणसाच्या हाताखाली आला की कपडे वाढतातच."

हे आत्याला आवडलं. पण त्यात काहीतरी टोचलंही. त्या फळीवरच्या प्रत्येक पाकिटावर 'पेरलेलं' असं लिहिलेलं होतं आणि आतलं काहीच पेरलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं निळ्या खड्यांच्या वर ते झोपलेलं होतं. हीच गोष्ट तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तिला न कंटाळता ऐकवत असत, आणि त्यांना लॅटिनचा गंधही नव्हता.

आजोबांचा गावाच्या कडेला एक वाफा होता. भाड्याचा, दोन खोल्यांएवढा, बाजूने तारेची जाळी. तिथे ते एक वेलाचा वाटाणा लावत. फूल दोन रंगांचं, वरची पाकळी फिक्की गुलाबी, आतली जवळजवळ काळी, शेंग जांभळी. तो वाटाणा बाजारात मिळत नसे. आजोबांना तो त्यांच्या आईकडून आलेला, तिला कुणाकडून ते कुणालाच माहीत नव्हतं. दरवर्षी लावायचा, खायचा, मूठभर ठेवायचा, पुन्हा लावायचा. वाटाणा एवढ्यावरच जिवंत होता.

मग आजोबांचा खुबा मोडला आणि त्याच सालात वाफ्याच्या जागेवर गोदाम उभं राहिलं. इस्पितळातल्या खाटेवरून त्यांनी आत्याच्या हातात बरणी दिली. दिली म्हणजे टेकवली.

"घे. गाड तुझ्या थंडीत."

"गाडत नाहीत बाबा, सांभाळतात."

"बी पेरायचं असतं. सांभाळायचं असतं ते म्हातारं माणूस."

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं त्या वाटाण्याच्या आडूनच चालायचं. आत्याने फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न, "काय म्हणतायत माझे वाटाणे? स्वेटर दिलेस का त्यांना?" ती म्हणायची, मजेत आहेत. ते म्हणायचे, "मेलेली माणसं मजेतच असतात." आणि मग दोघं हवापाण्याचं बोलत. आत्या हसण्यावारी न्यायची. पण त्या वाटाण्याचं पाकीट हातात आलं की ती ते हळूच हलवून बघायची. आतून खडखड यायची, खड्यांसारखी. त्या आवाजावरून काहीच कळत नसे.

गेल्या वर्षी आजोबा कायमचे आत्याकडे राहायला आले. तिच्या घरामागे, कपडे वाळत घालण्याच्या तारेखाली, मातीची एक पट्टी होती. आजोबांनी काठीच्या टोकाने ती माती उकरून पाहिली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"चालेल. आण त्यांना."

"कुणाला?"

"झोपलेल्यांना. मला ते फूल एकदा बघायचंय. मग तुझी थंडी आणि तू."

त्यांनी हे विनोदाच्या सुरात म्हटलं. पण त्यांचा हात काठीवर घट्ट वळलेला होता, आणि आत्याला कळलं की हा आता वाटाण्याचा प्रश्न राहिलेला नाही. बी उगवलं तर तिचं सगळं आयुष्य, तो कोट, ते फुटलेले ओठ, बापाच्या लेखी काहीतरी ठरणार होतं. नाही उगवलं तर तो वाटाणा जगातूनच जाणार होता, आणि तिच्या हातून.

तिने मॅडमकडे अर्धं पाकीट मागितलं. नाहीतरी नवं बी धरण्यासाठी त्या बियांची फेरपेरणी व्हायचीच होती, मॅडमनी दिलं. घरी आजोबा तयारीत बसलेले. खुर्चीशेजारी वाडगा, वाडग्यात कोमट पाणी.

"आधी रात्रभर भिजवायचे. माझी आई तेच करायची."

आत्याचा हात क्षणभर थांबला. बीजघरात ती असं कधीच करत नव्हती. तिथलं बी इतकं कोरडं असतं की त्याला एकदम पाणी दाखवायचं नसतं. पाणी आत धावतं, आणि दार उघडण्याआधी भिंतच फुटते. त्याला आधी नुसत्या दमट हवेत ठेवतात, ओलीची चाहूल लागू देतात. हे तिला स्वतःच्या पत्त्यासारखं पाठ होतं. आजोबांची रीतही खोटी नव्हती. पण ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या, वाफेत आणि दमट हवेत टांगलेल्या बियांची रीत होती. हे सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. समोर बाप बसला होता. कित्येक वर्षांनी तो तिला काहीतरी शिकवत होता, टोमणा न मारता. तिने बी पाण्यात सोडलं.

सकाळी वाडग्यातलं पाणी गढूळ झालेलं. बियांच्या साली फाटलेल्या, काहींची दोन दलं सुटी होऊन तळाशी पडलेली. आजोबांनी ती तशीच मातीत लावायला लावली. काही दिवसांनी आत्याने एका जागची माती बोटाने बाजूला केली. खाली मऊ, आंबूस वासाचं काहीतरी होतं.

"मेलेलेच होते," आजोबा दारातून म्हणाले. "इतकी वर्षं तू मढी राखत बसलीस."

"नव्हते मेलेले. मी मारले."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला उठले, औषध घेतलं, पण बोलले नाहीत. टोमणासुद्धा नाही. आत्या नंतर म्हणाली, टोमणे बंद झाले तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने पाटीवाल्याला सांगितलं. तो पत्रा घासत होता.

"पण तुम्हाला तर माहीत होतं."

"बीजघरात माहीत होतं. घरी मी मुलगी होते."

पाटीवाल्याने पत्र्यावर फुंकर मारली. "उरलेत?"

"अर्धे."

"मग रडगाणं कसलं? जा मॅडमकडे."

ती गेली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मॅडम बराच वेळ चष्म्याची काडी चावत राहिल्या. उरलेलं अर्धं पाकीट आता शेवटचं होतं. तेही उघडायचं, तर पाठीमागे काही राहत नव्हतं. न उघडावं, तर ते वर्षागणिक म्हातारं होत जाणार.

"थोडे मागे ठेवूया का?" आत्याने विचारलं.

"आधीच मूठभर. त्यातले थोडे मागे ठेवून काय, स्मारक करायचंय?" मॅडम म्हणाल्या. "सगळे काढा. पण घरी नाही. इथे, आपल्या रीतीने, इथल्या वाफ्यात. आणि वडिलांना घेऊन या."

"ते नाही यायचे."

"त्यांना सांगा, मुलीने पुन्हा चूक करू नये म्हणून लक्ष ठेवायला माणूस हवाय."

ह्या निरोपावर आजोबा दुसऱ्या दिवशी कोट घालून तयार होते.

बीजघर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. थंड खोलीच्या दारात ते उभे राहिले, आत वाकून बघितलं. फळ्यांमागून फळ्या, पाकिटांमागून पाकिटं. "एवढे?" म्हणाले. मग बाहेरच्या टेबलाशी बसले. टेबलावर झाकणाची पारदर्शक पेटी होती. तळाशी पाणी, वर अधांतरी जाळी, जाळीवर वाटाणे. पाण्याचा एक थेंब बीला लागणार नाही, अशी ती मांडणी.

"पाणी खाली, बी वर. मग ते प्यायचं कसं?"

"पीत नाही. श्वास घेतं," आत्या म्हणाली. "आधी श्वास, मग घोट. बाबा, तुमचं बी घरात होतं, त्याला ओलीची सवय होती. माझं इथलं. त्याला एकदम भिजवलं ही माझी चूक. तुमची रीत चुकीची नव्हती. मी बोलायला हवं होतं."

आजोबांनी पेटीवरून बोट फिरवलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या दिवसांनी नीट बोलत होता."

आजोबांनी रिकामं पाकीट उचललं आणि डोळ्यांजवळ धरलं. "काय खरडलंय हे?"

"पिसुम सातिवुम. पिसुम म्हणजे वाटाणा. सातिवुम म्हणजे पेरलेलं."

"पेरलेलं का? वाटाणा तो. पेरलेला म्हण."

पाटीवाला कामाचं निमित्त काढून आत आलाच होता. "लॅटिनमध्ये तो ते आहे, आजोबा. म्हणून शेवटी उम."

"माझ्या घरी पुरुष होता. तुमच्या थंडीत येऊन नपुंसक झाला होय."

"मुळा मात्र पुरुषच राहिलाय. सातिवुस."

"हं."

"काकडीसुद्धा सातिवुस."

आजोबांनी मान वर केली. "काकडी बुवा?"

"बुवा. आणि भात बाई, सातिवा. ओटही बाई. धने आपल्या वाटाण्यासारखे, ते."

"आणि अनेक वाटाणे असले तर?"

"पिसा सातिवा."

"म्हणजे एकटा असला तर ते, आणि गर्दी झाली की बाई दिसतो?"

"दिसतो फक्त. आहे नपुंसकच. पुढे विभक्त्या लावल्या तर आणखी गंमत. वाटाण्याचा, वाटाण्याला, वाटाण्याने. नाम ज्या घाटाने वळेल त्याच घाटाने विशेषण वळतं. नामाचा हात सोडायचा नाही, एवढाच त्याचा धर्म."

"बायकोसारखं," आजोबा म्हणाले.

"किंवा मुलीसारखं," मॅडम कागदातून मान वर न करता म्हणाल्या.

आजोबांनी पाकीट खाली ठेवलं. "आणि जास्त पेरलेलं, सगळ्यात जास्त पेरलेलं, असं काही?"

पाटीवाल्याने जरा विचार केला. "त्याला तर-तमभाव लावलेला मी तरी पाहिला नाही. पेरलंय किंवा नाही पेरलं. अधलंमधलं काय असणार?"

"हे बरोबर," आजोबा म्हणाले, आणि आत्याकडे बघितलं. रागाने नव्हे. पण ती नजर तिला पोचली.

मग बियांना टप्प्याटप्प्याने ओल मिळाली. आधी पेटीत, मग दमट कागदाच्या घडीत, मग मातीत. बीजघरामागच्या वाफ्यावर बारीक जाळी घातली होती. आजोबांना खाली बसता येत नव्हतं. त्यांनी काठीच्या टोकाला दोऱ्याची खूण बांधली, तेवढ्या खोलीची भोकं मातीत पाडत ते पुढे सरकले, आणि मागून आत्या ओणवी होऊन बी सोडत गेली. शेवटचं बी सोडल्यावर तिने मातीवर हात थापला आणि तसाच ठेवला, ताप बघतात तसा.

नंतरचे दिवस वाईट होते. आजोबा रोज येऊ लागले. खुर्ची टाकून मातीकडे बघत बसायचे. माणूस मातीकडे बराच वेळ बघतो तेव्हा त्याला तिच्यात काय काय दिसतं, हे विचारू नये. आत्या आतून काचेतून त्यांची पाठ बघायची आणि खडे भाजायची. एकदा तिला राहवलं नाही. ती बाहेर आली, वाकली आणि माती उकरायला बोट पुढे केलं. त्यांनी काठी आडवी धरली.

"मागच्या वेळीही उकरलंस. आता नाही."

"कळायला नको?"

"पेरल्यावर कळून घ्यायचं नसतं. तेवढी तरी लाज ठेव."

जे वर आलं ते आधी पाटीवाल्याला दिसलं. तो पाट्या लावायला निघाला होता. त्याने हाक मारली नाही. नुसता थबकला, आणि तो थबकला म्हणून आत्या धावली. मातीला एक भेग गेली होती आणि भेगेतून एक मान, वाकलेली, पांढरट हिरवी, डोकं अजून आतच. तिच्यापुढे आणखी एक. ओळ पुरी आली नाही. मधे मधे जागा रिकाम्या राहिल्या, तोंडातल्या पडलेल्या दातांसारख्या. जेवढी आली त्यांतलीही काही लंगडी. पण आली. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला.

"झोप झाली म्हणायची," ते म्हणाले.

आत्याला हसू आलं आणि ते मधेच कुठेतरी मोडलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

वेल चढले. फुलं आली तेव्हा मॅडमनी त्यांचे फोटो काढले, पाटीवाल्याने न सांगता एक छोटी पाटी कोरून आणली. शेंगा धरल्यावर मात्र वाद झाला. मॅडमचं म्हणणं, ह्या खेपेचं सगळं बी आत जाईल. आजोबांचं म्हणणं, सगळं बाहेर राहील. दोघं समोरासमोर बसून बाजारात घासाघीस करावी तसे बोलले. शेवटी ठरलं ते असं, की अर्धं थंडीत, आणि दरवर्षी एक ओळ मातीत. ओळ लावायची आत्याने, बोलायचं आजोबांनी. आत्याने विचारलं, "बोलायचं म्हणजे?" आजोबा म्हणाले, "चुका काढायच्या."

बियाण्यासाठी ठेवायच्या शेंगांना आत्याने लाल धागे बांधले. त्या वेलावरच वाळू द्यायच्या होत्या. दुपारी ती वाफ्याशी आली तेव्हा आजोबांच्या मांडीवर एक जांभळी शेंग उघडी पडलेली होती, टोकाला लाल धागा. ते चघळत होते.

"बाबा, ती बियाण्याची होती."

"दिसलं."

"मग?"

"मग काय? पेरतात कशासाठी?"

आत्याने बीजघराच्या खिडकीकडे पाहिलं. मॅडम पाठमोऱ्या होत्या. आजोबांनी शेंग तिच्यापुढे धरली. टोकाकडचे बारके वाटाणे त्यांनी तिच्यासाठी ठेवले होते. तिने एक तोंडात टाकला. एवढी वर्षं तिने त्याला हात लावला होता, हलवून त्याचा आवाज ऐकला होता. चव तिला आठवत नव्हती.

"कसा आहे?"

"गोड. जरा राठ."

"उशीर झाला. कालच काढायला हवी होती," आजोबा म्हणाले, आणि काठीने वेल बाजूला सारून त्यांनी तिला आतली, धागा नसलेली, कोवळी शेंग दाखवली.